पोटातून फुंक

मित्रांनो, पितळ म्हातारं होत नाही असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. मी पितळेचा ट्रंपेट आहे आणि मी म्हातारा झालो आहे. लग्नाच्या मिरवणुकीत बँडच्या पहिल्या ओळीत जे सोनेरी वाद्य उन्हात चमकतं, ज्याचा आवाज ढोलांच्या वरून उडत जाऊन दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाला खिडकीत आणतो, ते वाद्य मी होतो.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या एका काळोख्या कारखान्यात कारागिराने पितळेचा पत्रा तापवला, लाकडी हातोडीने ठोकून ठोकून त्याचा कर्णा केला. नळी वाकवताना चेमटू नये म्हणून तिच्यात वितळलेलं शिसं ओतलं आणि नंतर ते पुन्हा काढून घेतलं. मला खूप भाजलं, खूप ठोकलं. पण मित्रांनो, त्या माराला अर्थ होता. प्रत्येक ठोक्याने माझा आवाज गोड होत गेला. पुढे मी असे मार पाहिले की ज्यांनी कुणाचंच काही गोड झालं नाही.

कोल्हापुरात मी आलो तो मंगळवार पेठेत, कामिलच्या अब्बांच्या हातात. कामिलचा मामा रफिक याचा स्वतःचा बँड होता आणि अब्बा त्या बँडमध्ये वाजवत. अब्बांचे पुढचे दात पडले, तसा मी कामिलच्या ओठांना लागलो. अब्बांनी त्याला एकच गोष्ट शिकवली. त्याच्या पोटावर पंजा ठेवून ते म्हणायचे, "ओठानं न्हाय रं बाबा. पोटातनं फुंक. ओठ म्हंजे नुसतं दार. घर पोटात हाय."

कामिल पोटातून फुंकायला शिकला. ती हवा ऊबदार आणि लांब असायची. एका श्वासात तो अख्खी ओळ वाजवायचा आणि शेवटचा सूर इतका वेळ धरून ठेवायचा की घोड्यावरचा नवरदेवसुद्धा मान वळवून बघायचा. लोक खास विचारत यायचे, "तो बारका पोरगा येणार का, ट्रंपेटवाला?" अब्बा वारले, कामिलचं आफशीनशी लग्न झालं, आणि तरीही बरीच वर्षं लोक त्याला बारका पोरगाच म्हणत राहिले. ती वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं.

मग एका बड्या घरच्या लग्नात आम्ही दुपारभर वाजवलं. बँडवाल्यांची पंगत सगळ्यांत शेवटी बसते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. पाहुणे जेवले, आचारी जेवले, मांडववाले जेवले, आणि मग आम्हा लोकांना पातेल्याच्या तळाशी उरलेला मसालेभात आणि उन्हात तापलेली बासुंदी वाढली. बासुंदीला आंबूस वास येत होता. ड्रम वाजवणारा बाळासो म्हणाला, "मला वाटतंय ही गेलीया." वाढप्या म्हणाला, "मग काय तुमच्यासाठी नवी आटवू? खायाची तर खा."

त्यांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बँडची पोटं बिघडली. बाकीचे आठवडाभरात सुधारले. कामिलचं पोट मात्र पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही.

ते सगळ्यांत आधी मला कळलं, कारण त्याच्या पोटाची हवा माझ्यात येत होती. लांब सूर मध्येच तुटायला लागला. आधी पोट फुगायचं. मग बेंबीखाली मुरडा यायचा, धुणं पिळावं तसा. कामिल मला काखेत मारून संडास शोधत धावायचा. जाऊन आला की थोडा वेळ बरं, मग पुन्हा तेच. कधी उलट व्हायचं. चार-चार दिवस पोट साफच व्हायचं नाही आणि पोटात दगड भरल्यासारखं वाटायचं.

कामिलच्या आईचं, ताजबीचं म्हणणं होतं की बेंबी सरकली. तिने त्याला उताणं झोपवून बेंबीवर पेटती वात ठेवली आणि वरून तांब्या दाबला. कातडी ओढली जाऊन पोटावर लाल कडं उठलं, आतला मुरडा तसाच राहिला. रफिकमामूने सांगितलं, "लिंबूसोडा पी." बाळासोने सांगितलं, "एक क्वार्टर मार, कळ कुठल्या कुठं जाईल." कामिलने प्रत्येकाचं ऐकून पाहिलं आणि प्रत्येक वेळी जास्त आजारी पडला.

बँडमध्ये त्याचं नाव बदललं. तो दिसला की बाळासो ओरडायचा, "टमरेल आला रं, टमरेल!" टमरेल म्हणजे संडासला न्यायचा डबा. सगळे हसायचे. कामिलही हसायचा. मी त्याच्या हातात असायचो, म्हणून हसताना त्याचे हात गार पडतात हे मला माहीत होतं.

एकच बाई मला त्या दिवसांत निराळी भेटली. जोतिबावर एका जावळाला आम्ही वाजवायला गेलो होतो. डोंगरावर गुलालाची गर्दी, आणि नेमकी कळ आली. कामिल घामाने निथळत एका नारळाच्या दुकानापुढे वाकून उभा राहिला. दुकानवाली धोंडुबाई त्याच्याकडे बघून म्हणाली, "पोट दुखतंय व्हय पावणं?" कामिलला मान वर करवेना. "आवो, मग हितं काय उभं ऱ्हायलाय? मागं घर हाय आमचं. डाव्या अंगाला संडास. बादली भरल्याली हाय. जावा की! पोट काय कुणाच्या बापाचं ऐकतंय?" कामिल बाहेर आला तेव्हा तिने त्याला कोमट पाणी दिलं आणि पुन्हा नारळ विकायला लागली. इतकी साधी गोष्ट होती ती. पण डोंगर उतरताना कामिल टेम्पोत तोंड फिरवून रडला.

शेवटी आफशीनने त्याला दवाखान्यात नेलं. सरावावरून तसाच गेल्यामुळे मी त्याच्या मांडीवर होतो. डॉक्टर प्रियदर्शनी यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आतड्यात जखम नाही, गाठ नाही. रिपोर्ट चांगले आहेत."

कामिलचा चेहरा उतरला. "म्हंजे मला काय झालंच न्हाय? मी नाटकं करतोय?"

"असं मी कुठं म्हटलं? दुखणं अगदी खरं आहे. याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. त्या जुलाबानंतर तुमचं आतडं हळवं झालंय. दुसऱ्याला जे जाणवतही नाही, त्याने तुमचं आतडं आकसतं. भीती वाटली, जेवणाची वेळ चुकली, तिखट पडलं, की लगेच."

"बरं हुईल का पन?"

"मुळापासून जाईल असं खोटं सांगणार नाही. काबूत राहील. आणि एक लक्षात ठेवा, जायची वेळ आली की लाजून रोखून धरायचं नाही."

आफशीनने सगळं नीट ऐकून घेतलं. सकाळी उठल्या उठल्या दुधाचा चहा बंद झाला. एकदम पोटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं, पण ठरल्या वेळी. कट-वडा, कच्चा कांदा, हरभऱ्याची उसळ आणि थंड बाटल्या बंद. रोज इसबगोल आणि वर भरपूर पाणी. मुरड्यावरची गोळी जेवणाआधी. आणि रोज सकाळी पाठीवर पडून, पोटावर हात ठेवून सावकाश श्वास. हे शेवटचं ऐकून कामिल हसला होता. "डॉक्टर, पोटातनं श्वास तर माझा धंदाच हाय."

काय खाल्लं की कळ येते, हे दोघं नवरा-बायको हळूहळू ओळखू लागले. दूध सोसत नाही, पण ताक थोडं चालतं. भात चालतो, मैद्याचा पाव नाही. माझ्यातली हवा पुन्हा लांब होऊ लागली. अब्बांचा तो पंजा अजून पोटावर आहे, असं मला वाटायचं.

पण बँडमध्ये कुणाचा विश्वास बसला नाही. रफिकमामू म्हणाला, "रिपोर्ट क्लिअर हाय न्हवं? मग झालं की. लाड पुरं आता." कामिलने समजावून सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा मामू म्हणाला, "माझ्या पोटातबी दुखतंय रं. मी सांगत फिरतो का?"

आता मी तुम्हाला तो दिवस सांगतो, मित्रांनो. सांगायला मला आवडत नाही.

हातकणंगल्याला राजवीर नावाच्या मुलाचं लग्न होतं. मोठं मंगल कार्यालय, कारंजं, फुलांची कमान. बँडला सकाळी बोलावलं आणि मुहूर्त लांबल्यामुळे दुपारपर्यंत कडक उन्हात बसवून ठेवलं. जेवणाची वेळ टळली. आफशीनने दिलेला दहीभाताचा डबा टेम्पोत राहिला होता आणि टेम्पो गावात गेला होता. कामिलचं पोट फुगायला लागलं. त्याला काय होणार ते समजलं आणि तो वेळेवर उठून कार्यालयाच्या मॅनेजरकडे गेला. त्याने काहीही चुकीचं केलं नाही, हे ध्यानात ठेवा.

"साहेब, संडासला जायाचं हाय."

मॅनेजरने त्याच्या लाल कोटाकडे बघितलं. "ते पाहुण्यांसाठी हाय."

"लगेच येतो साहेब. आजार हाय मला पोटाचा."

"आजार हाय? मग तर न्हाईच. पाहुणं जात्यात तिथं." त्याने संडासाच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. "पाहुण्यांनी मागितली की देतो."

तेवढ्यात नवरदेव घोड्यावर बसला आणि मारुतीच्या देवळाकडे मिरवणूक निघाली. रफिकमामूने शिट्टी मारली. कामिल धावत ओळीत आला, मामूच्या कानाशी लागून म्हणाला, "मामू, मला जाऊ दे. इथनं मागं शेत हाय, जाऊन येतो."

"आत्ता? नवरदेव निघाला की! पाच मिनिटं दम धर."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. नवरदेवाचे मित्र नाचत होते. त्यांचा पुढारी आदर्श नावाचा तरणा गडी होता. प्रत्येक गाणं संपलं की तो हात वर करून ओरडायचा, "अजून एक!" कामिलच्या पोटात मुरड्यामागून मुरडा येत होता. माझ्यात येणारी हवा थरथरत होती. शेवटी त्याने मला ओठांवरून काढलं आणि तो ओळ सोडून बाजूला वळला.

आदर्शने त्याची कॉलर धरली. "ए, कुठं निघालास?"

"दादा, पाया पडतो. संडासला जाऊ द्या."

"आरं ऐकलं का! ट्रंपेटवाल्याला लागलीया!" आदर्श सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. मित्र खिदळले. त्यांनी कामिलभोवती कडं केलं. "गाणं पुरं कर, मग जा. वाजीव!" आणि असं म्हणून त्याने माझ्या कर्ण्यावर तळहाताने जोरात ढकललं. माझी फुंकायची तोंडी कामिलच्या ओठावर आपटली. ओठ फुटला. मित्रांनो, ज्या ओठांवर मी सगळं आयुष्य काढलं, ते माझ्याच पितळेने फोडले. मी काही करू शकलो नाही. वाद्याला हात नसतात.

कामिलने रफिकमामूकडे बघितलं. मामूने मान दुसरीकडे फिरवली आणि हात वर करून ताल दिला.

कामिल वाजवू लागला. रक्त माझ्या नळीत उतरलं. तो वाजवत असतानाच ते झालं. त्याच्या पांढऱ्या विजारीवरून ते खाली ओघळलं, भर दुपारी, सगळ्या गावादेखत. आणि तो वाजवायचा थांबला नाही. थांबलो तर सगळ्यांचं लक्ष खाली जाईल, असं त्याला वाटलं असावं. म्हणून तो डोळे मिटून वाजवत राहिला. बाकीचा बँड एकेक करून थांबला. ढोल थांबला, बाळासोचा ड्रम थांबला. मी एकटाच वाजत होतो.

मग हसण्याचा लोट उठला. माणसं नाक धरून मागे सरली आणि मागे सरता सरता त्यांनी मोबाईल वर केले. घोड्यावरचा राजवीर हसत होता. पुढे उभ्या असलेल्या मुलांनी, तुमच्याएवढ्याच मुलांनी, टाळ्या वाजवल्या.

रफिकमामूने त्याला ओढत कार्यालयाच्या भिंतीमागे नेलं. "कोट काढ. टोपी काढ. माझ्या बँडचं नाव हाय त्याच्यावर."

"मामू, मी सांगत हुतो तुला."

"काढ म्हणतो न्हवं!"

परत जाताना त्याला टेम्पोत घेतलं नाही. बाळासो म्हणाला, "वास मारतोय. वाद्यं हायत आत." मीही वाद्य होतो, पण मी कामिलचा होतो, म्हणून मी त्याच्याबरोबर राहिलो. तो बनियनवर, मला छातीशी धरून, रेल्वे स्टेशनपर्यंत चालत गेला. फलाटाच्या टोकाच्या नळावर त्याने विजार अंगावरच धुतली आणि ओल्या कपड्यांनी कोल्हापूरच्या गाडीत दाराशी उभा राहिला. कुणी काही विचारलं नाही. गाडीतल्या काहींच्या मोबाईलवर त्याचा व्हिडिओ त्याच वेळी वाजत होता.

घरी पोचेपर्यंत मंगळवार पेठेत सगळ्यांचं बघून झालं होतं. गल्लीतली पोरं तो दिसला की तोंडाने ट्रंपेटचा आवाज काढायची आणि शेवटी फुस्स करायची. ताजबीने बाजारात जाणं सोडलं. एक दिवस ती पोराच्या तोंडावर म्हणाली, "तुझ्या अब्बानं नाव कमावलं. तू काय कमावलंस, तर हे!" सख्ख्या आईने हे म्हटलं, मित्रांनो. कामिलने जेवण सोडलं. भीती पोटात उतरली आणि पोट पुन्हा पहिल्यासारखं बिघडलं. घरातून बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं तरी कळ यायची.

आफशीनने त्याला सोडलं नाही. ती त्याला पुन्हा डॉक्टर प्रियदर्शनींकडे घेऊन गेली. या वेळी औषध बदललं आणि मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. ताजबी म्हणाली, "आता येडाबी झाला." आफशीन तिला एवढंच म्हणाली, "अम्मी, पोटाला भ्या बसलंय. भ्या काढायला नको?" रोज सकाळी ती त्याच्या शेजारी बसायची. तो पोटावर हात ठेवून श्वास घ्यायचा, मग मला उचलायचा आणि एकच सूर हळू वाजवायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली. सूर लांबत गेला. कळ येत होती, पण आता तो तिला ओळखत होता. कधी गोळी घ्यायची, कधी उठून जायचं, कधी नुसतं बसून श्वास घ्यायचा, हे त्याला जमू लागलं. आजार गेला नाही. तो काबूत आला.

लग्नसराईच्या तोंडावर कामिल मला पुसून चकचकीत करून रफिकमामूकडे गेला. मामूच्या अंगणात त्याने गाण्यामागून गाणी वाजवली. एकदाही सूर तुटला नाही. खरं सांगतो, त्याने आयुष्यात सगळ्यांत चांगलं वाजवलं ते त्या दिवशी. बाळासोसुद्धा काठ्या खाली ठेवून ऐकत राहिला.

मामूने आपली शिट्टी रुमालाने पुसली. मग म्हणाला, "वाजीवतोस झ्याक. कोल्हापुरात तुझ्यासारखा न्हाय."

"मग येऊ?"

"न्हाय रं." मामूने त्याच्याकडे बघितलं नाही. "पोट बरं झालं तुझं. व्हिडिओ बरा हुत न्हाय. तू ओळीत उभा ऱ्हायलास की लोक गाणं ऐकनार न्हाईत, विजार बघनार."

कामिल दुसऱ्या दोन बँडकडेही गेला. एकाने ओळखल्याबरोबर मोबाईल काढून खात्री करून घेतली.

शेवटी त्याला शिरोलीच्या एका कारखान्यात खोकी भरायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी घरी येऊन तो आफशीनला आनंदाने म्हणाला, "संडास माझ्या टेबलाच्या शेजारीच हाय. कुणाला विचारायबी लागत न्हाय." एवढ्यावर माणूस खूश होऊ शकतो, हे मला त्या दिवशी समजलं आणि फार वाईट वाटलं.

मला त्याने महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्याला विकलं. हॉटेलवाल्याने मला उलटंसुलटं करून बघितलं. कामिल म्हणाला, "वाजवून दाखवू का, साहेब?"

"कशाला?" हॉटेलवाला म्हणाला. "दिवा करायचा हाय याचा."

त्यांनी माझ्या कर्ण्याला भोक पाडलं, नळीतून वायर ओढली आणि मला भिंतीवर लटकवलं. आता माझ्यातून हवा जात नाही. खाली माणसं मिसळ खातात आणि माझ्या उजेडात एकमेकांना मोबाईल दाखवून हसतात. ते कुणाला हसतात, हे मला वरून दिसत नाही. बरं आहे की दिसत नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी पोट धरून उभा राहिला, वारंवार बाहेर जाऊ लागला, तर त्याला नाव ठेवू नका. त्याच्या पोटात काय पिळवटतंय ते रिपोर्टमध्ये दिसत नाही, म्हणून ते खोटं ठरत नाही. आणि ते पोट तुमचं असेल तर लाजू नका, मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा. दारात कुणी आडोसा मागायला आला, मग त्याच्या अंगावर कोणताही कोट असो, त्याला आत जाऊ द्या. काही फार मोठं करायचं नसतं. हातकणंगल्याच्या त्या माणसाने खिशातली किल्ली काढली असती, तर सांगायला माझ्याजवळ काही गोष्टच उरली नसती. एक माणूस आत गेला असता, हात धुऊन बाहेर आला असता, आणि वाजवायला लागला असता.